हजेरीपटावरील धोक्याचा बावटा
रायगड किनाऱ्यावरील माध्यमिक विद्यार्थ्यांची गळती आणि तिचा वेळीच मिळणारा इशारा

बंदरावरच्या खांबाला चढविलेल्या बावट्याचा अर्थ रायगडच्या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तीन नंबरचा बावटा लागला की होड्या खाडीत परततात आणि जाळी आवरली जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड व म्हसळा तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या; घरांची आणि शाळांची छपरे उडाली. परंतु वादळाची वाट आधी कळली होती, आणि ती कळल्यावर किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांना सुरक्षित जागी हलविण्यात आले होते. इशारा आणि त्यानंतरची धावपळ या दोहोंनी मिळून माणसे वाचविली. नुसता बावटा फडकत राहिला असता तर त्याचा उपयोग झाला नसता.

शाळेतून होणाऱ्या गळतीलाही असाच इशारा असतो. कोणताही विद्यार्थी एका दिवसात शाळा सोडीत नाही. आधी आठवड्यातून एखादा दिवस जातो, मग चाचणी चुकते, पुढे वही कोरी राहू लागते, आणि दिवाळीच्या सुटीनंतर बाकावरची जागा रिकामी दिसते. या प्रत्येक पायरीची नोंद शाळेच्या कोणत्या ना कोणत्या वहीत झालेली असते. ती नोंद वेळेवर एकत्र वाचली जात नाही, हे खरे दुखणे होय. संगणक आणि भ्रमणध्वनी यांमुळे आता ती वाचणे सोपे झाले आहे. या साधनांकडून कोणती अपेक्षा करावी आणि कोणती करू नये, याचा विचार शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी करणे अगत्याचे आहे.

गळतीचा जुना प्रश्न

गळती हा शब्द आपल्या शिक्षणविचारात नवा नाही. १९२९ साली हार्टोग समितीने भारतीय शिक्षणातील 'अपव्यय' आणि 'स्थगिती' यांची स्वतंत्रपणे चर्चा केली. शिक्षण पुरे होण्याआधी मूल शाळेतून निघून जाणे म्हणजे अपव्यय, आणि एकाच इयत्तेत अडकून राहणे म्हणजे स्थगिती. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे ग्रामीण शिक्षणाचे काम केले होते. घरच्या कामाला जुंपलेल्या मुलांची अडचण त्यांना जवळून ठाऊक होती.

त्या काळी मुख्य चिंता प्राथमिक शाळेची होती. आज ती पुढे सरकली आहे. केंद्र शासनाच्या यूडायस प्लस माहितीनुसार २०२४-२५ या वर्षी देशात तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर गळतीचे प्रमाण २.३ टक्के, सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ३.५ टक्के, तर माध्यमिक टप्प्यावर ८.२ टक्के होते. आदल्या वर्षी माध्यमिक टप्प्यावरील प्रमाण १०.९ टक्के होते. सुधारणा आहे, परंतु पायरीगणिक गळती वाढते, हे चित्र कायम आहे.

माध्यमिक टप्प्यावरच हे का घडते, याचे उत्तर तीन गोष्टींच्या योगायोगात सापडते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे संरक्षण ६ ते १४ या वयापुरते, म्हणजे आठवीपर्यंत आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली; कामावर ठेवण्यास असलेली सर्वसाधारण बंदी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आहे आणि त्यापुढे १८ व्या वर्षापर्यंत ती धोक्याच्या कामांपुरती उरते. त्याच सुमारास गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीला किंवा आठवीला संपते आणि मुलाला दूरच्या माध्यमिक विद्यालयात जावे लागते. कायद्याचे दोन आधार आणि ओळखीची शाळा, ही तिन्ही एकाच वर्षी सुटतात. शिवाय हातात शाळा सोडल्याचा दाखला असतो. जुन्या शाळेच्या पटावरून नाव कमी झालेले असते. नव्या शाळेच्या पटावर ते अजून चढलेले नसते. जून ते ऑगस्ट या काळात हे मूल कोणाच्याच हिशेबात नसते. गळतीची सर्वांत मोठी भेग हीच.

किनाऱ्यावरील गैरहजेरीचे ऋतू

उरण, पनवेल, पेण, अलिबाग, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन या पट्ट्यात विद्यार्थ्यांची गैरहजेरी वर्षभर सारखी नसते. तिला ऋतू असतात, आणि ते ओळखल्याखेरीज आकड्यांचा अर्थ लागत नाही.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे १ ऑगस्टला बंदी उठते, तेव्हा शाळा सुरू होऊन जेमतेम दीड महिना झालेला असतो. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम जोमात येतो आणि घरात हाताखाली माणूस हवा असतो. डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाचा जोर असतो. त्या दिवसांत जाळ्यात जवळा, करंदी, बोंबील अधिक येतो आणि निवडण्या-वाळविण्याचे काम अंगावर पडते. साहजिकच कोळीवाड्यातील एखाद्या मुलाची गैरहजेरी सोमवार-मंगळवारच्या हिशेबाने समजत नाही. ती तिथीच्या हिशेबाने समजते. आई मासळी विकण्यास पहाटे बाहेर पडली की धाकट्या भावंडांची जबाबदारी घरातल्या थोरल्या मुलीवर येते. तिची गैरहजेरी महिन्यातून दोन-तीन दिवसांची असते आणि म्हणूनच ती नजरेतून सुटते.

पेण व परिसरातील गणपतीच्या कारखान्यांत सणाआधीचे दोन-तीन महिने हातांची गरज वाढते. पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा उद्योग तालुक्याचे भूषण आहे. परंतु नववी-दहावीतील कुशल हाताच्या मुलाला पहिल्या सत्रातच वर्गापेक्षा रंगकाम जवळचे वाटू लागते. अलिबाग, काशीद, दिवेआगर येथे पर्यटकांचा ओघ शनिवार-रविवारी व डिसेंबर महिन्यात वाढतो. तेव्हा खाणावळ, घोडागाडी आणि पाण्यातील खेळ यांवर रोजचा रोख पैसा मिळतो. सोमवारी वर्गात न दिसणारा मुलगा अनेकदा रविवारी किनाऱ्यावर राबलेला असतो.

सर्वांत कठीण ऋतू कातकरी वाड्यांचा. दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा दूरच्या कोळसा भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल मागे ठेवावे तर सांभाळणारे कोणी नाही. न्यावे तर दुसरे सत्र बुडते. या मुलाची पहिल्या सत्रातील हजेरी उत्तम असू शकते. त्याचा धोका आकड्यांत दिसण्याआधी दिनदर्शिकेत दिसतो.

हजेरीपट काय सांगतो

अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे हे काम तेथे हलविण्यात आले, कारण विजेच्या प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडल्या असत्या. पृथ्वीच्या चुंबकत्वातील रोजचा लहानसा फरक तेथे नोंदविला जातो. एका दिवसाच्या फरकाचा अर्थ सहसा थोडा असतो. ओळीने पाहिलेल्या नोंदींचा अर्थ मोठा असतो. हजेरीपटाचेही तसेच आहे.

दहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते, हे शिक्षकांना ठाऊक आहे. पण ही रेषा परीक्षेची आहे. ती इशाऱ्याची रेषा म्हणून फार उशिरा येते. वर्षाला २२० दिवस शाळा भरते असे धरले, तर ७५ टक्क्यांची मर्यादा ओलांडेपर्यंत मूल ५५ दिवस गैरहजर राहिलेले असते. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी इशाऱ्याची रेषा १० टक्के गैरहजेरीची आहे. तिचा हिशेब वर्षाला २२ दिवस, म्हणजे महिन्याला दोन-अडीच दिवस असा होतो. १५ ऑगस्टपर्यंत साधारण ५० दिवस शाळा भरली असेल, तर त्यांतील पाच दिवस चुकलेला विद्यार्थी या रेषेवर उभा आहे. पाच दिवस ही संख्या क्षुल्लक वाटते. पण घरी जाऊन विचारपूस करण्याची खरी वेळ तीच.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील दोन शहरांत झाला. फिलाडेल्फियात रॉबर्ट बाल्फन्झ व त्यांचे सहकारी यांनी सहावीतील विद्यार्थ्यांचा पुढील अनेक वर्षे मागोवा घेऊन २००७ साली निष्कर्ष मांडले. ८० टक्क्यांहून कमी उपस्थिती, गणितात नापास होणे, भाषेत नापास होणे आणि वर्तनाबद्दल प्रतिकूल शेरा, यांपैकी एक खूण जरी सहावीत आढळली, तरी शालान्त शिक्षण पुरे होण्याची शक्यता फार घटते, असे त्यांना दिसले. शिकागोत इलेन अ‍ॅलन्सवर्थ व जॉन ईस्टन यांनी २००५ साली नववीच्या वर्षावर लक्ष वेधले. नववीचे वर्ष ठीक पार पाडणाऱ्या विद्यार्थ्यांची चार वर्षांत शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक होती. घरची परिस्थिती किंवा आधीचे गुण यांपेक्षा नववीतील प्रत्यक्ष वाटचाल अधिक बोलकी ठरली.

यातून आपल्या शाळांनी घेण्याजोगा धडा साधा आहे. उपस्थिती, मुख्य विषयांतील प्रगती आणि वर्तनातील बदल या तीन खुणा पुरेशा आहेत. त्यांना किनाऱ्यासाठी चौथी जोडावी: घरातील घटना. वडिलांची होडी निकामी होणे, आई आजारी पडणे, मोठ्या बहिणीचे लग्न ठरणे, कुटुंबाने उचल घेणे. या गोष्टी कोणत्याही तक्त्यात आपोआप येत नाहीत. त्या गावात कळतात.

यंत्राचे काम

राज्यात २०१५ साली 'सरल' प्रणाली सुरू झाली आणि विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती शाळाशाळांतून संगणकावर येऊ लागली. यूडायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते आणि त्याला कायमचा शिक्षण क्रमांक मिळतो. राज्याच्या विद्या समीक्षा केंद्रामार्फत २०२३ च्या अखेरीपासून भ्रमणध्वनीवरून रोजची उपस्थिती कळविण्याची पद्धतही आणण्यात आली.

या सर्वांचा गळतीच्या दृष्टीने उपयोग दोन प्रकारचा आहे. पहिला बेरजेचा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात कोणाचे पाच दिवस झाले आणि कोणाचे नऊ, कोण दर अमावास्येला चुकतो आणि कोण दर सोमवारी, हे वर्गशिक्षकाने दर महिन्यास हाताने मोजणे अवघड आहे. यंत्राला ते क्षणाचे काम. ज्या शाळेत संगणकाची सोय तोकडी आहे, तेथे भ्रमणध्वनीवरील साधा तक्ताही पुरेसा होतो: एका ओळीत विद्यार्थी, पुढे महिनावार गैरहजेरी, चाचणीचे गुण आणि एक रिकामा रकाना, 'घरी कोण गेले, केव्हा गेले'.

दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे, आणि तो हाताने साधण्यासारखा नव्हता. मुलाचा क्रमांक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत त्याच्याबरोबर जातो. एका शाळेने 'शाळा सोडली' अशी नोंद केली आणि दुसऱ्या शाळेने त्यास दाखल करून घेतले नाही, तर यूडायस प्लसमध्ये ते नाव 'ड्रॉप बॉक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यादीत पडून राहते. पूर्वी दाखला हातात घेऊन दोन पटांच्या मधल्या भेगेत नाहीसे होणारे मूल आता या यादीत दिसते. केंद्रप्रमुखाने जुलैच्या पहिल्या आठवड्यात ही यादी काढून परिसरातील मुख्याध्यापकांपुढे ठेवली, तर आठवीतून नववीत न पोहोचलेल्या मुलांची नावे शाळा सुरू होऊन महिना होण्याच्या आत हाती येतात. काही नावे नोंदीच्या दिरंगाईमुळे राहिलेली असतील. काही कुटुंबे पनवेलकडे किंवा मुंबईस गेलेली असतील. उरलेली नावे ही शोधावयाची मुले होत.

याहून पुढचा प्रयोगही देशात झाला आहे. आंध्र प्रदेशाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साह्याने जुन्या नोंदींवरून संभाव्य गळतीचा अंदाज बांधणारी संगणकप्रणाली वापरून पाहिली. गुजरातेत गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात राज्यभरच्या शाळांची उपस्थिती व चाचण्यांचे निकाल एका ठिकाणी पाहण्याची व्यवस्था उभी राहिली. अशा प्रणाली पूर्वी शाळा सोडलेल्या मुलांच्या नोंदींतील साम्य शोधतात आणि आज वर्गात असलेल्या कोणाची नोंद तशी दिसते, हे सांगतात.

यंत्राच्या मर्यादा

तथापि, अशा अंदाजाने गळती थांबते काय, याचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने २०१२ साली सर्व शाळांसाठी अशी प्रणाली सुरू केली. सुमारे दशकभराच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०२३ साली निष्कर्ष काढला: प्रणालीचा अंदाज बऱ्याच अंशी अचूक होता, परंतु 'धोक्यात' असा शिक्का बसलेले आणि थोडक्यात त्यातून सुटलेले विद्यार्थी यांच्या शालान्त यशात लक्षणीय फरक आढळला नाही. यादी मिळाली, पुढे मदतीची तजवीज झाली नाही. याच अभ्यासातील दुसरी गोष्टही विचार करण्याजोगी आहे. विद्यार्थ्यागणिक धोका मोजण्याऐवजी शाळा व वस्ती यांची परिस्थिती पाहिली असती, तरी मदत जवळपास तितक्याच अचूकपणे योग्य ठिकाणी पोहोचविता आली असती.

आपल्याकडे याचा अर्थ उघड आहे. ज्या वाडीतील बहुतेक मुले नववीत पोहोचत नाहीत, त्या वाडीसाठी नावांची यादी करण्यात वेळ घालवू नये. तेथे अडचण मुलाची नसून रस्त्याची, गाडीची किंवा वसतिगृहाची असते. यादी उपयोगी पडते ती अशा शाळांत, जेथे बहुतेक मुले टिकतात आणि चार-पाच निसटतात.

दुसरा धोका शिक्क्याचा. विस्कॉन्सिनच्या प्रणालीचे चुकीचे इशारे कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषी समाजांतील मुलांबाबत अधिक प्रमाणात होते, असे त्या राज्याच्याच तपासणीत आढळले. आपल्या तक्त्यात जात, जमात किंवा वाडीचे नाव हीच खूण धरली, तर नियमित येणारा कातकरी मुलगाही पहिल्या दिवसापासून संशयित ठरेल. शिक्षकाने ज्याची आशा सोडली आहे, असा विद्यार्थी ते चटकन ओळखतो. म्हणून खुणा या मुलाच्या वाटचालीच्या असाव्यात. त्याच्या जन्माच्या नसाव्यात.

तिसरी मर्यादा नोंदीच्या खरेपणाची. शिक्षकांची पदे पटावरील संख्येवर मंजूर होतात, त्यामुळे पट फुगविण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत पटावरील आणि वर्गातील संख्येची मोठी तफावत उघडकीस आली होती. गैरहजर मुलास हजर दाखविले, तर सर्वांत महागडी प्रणालीही आंधळी होते. गैरहजेरी कळविणाऱ्या शाळेकडे अपयशी शाळा म्हणून पाहिले जाऊ लागले, तर खरी नोंद कोणीच करणार नाही. अधिकाऱ्यांनी प्रथम ही भीती दूर केली पाहिजे. खरी गैरहजेरी कळविणारी शाळा ही जागी शाळा होय.

चौथी मर्यादा किनाऱ्याने २०२० साली अनुभवली आहे. मार्च महिन्यापासून साथीमुळे शाळा बंद होत्या; शिक्षण भ्रमणध्वनीवर न्यावे असे ठरत असतानाच वादळाने विजेचे खांब व संपर्काचे मनोरे पाडले. ज्या मुलांना त्या वेळी सर्वाधिक आधार हवा होता, नेमक्या त्यांच्यापर्यंत यंत्र पोहोचू शकले नाही. म्हणून कागदी हजेरीपट आणि पालकांच्या ठावठिकाण्याची वही यांना निवृत्त करण्याची घाई करू नये.

शेवटी गोपनीयतेचा प्रश्न. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला असून त्यात १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे. धोक्यातील विद्यार्थ्यांची नावे फलकावर लावणे, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकणे किंवा सभेत वाचून दाखविणे, हे कायद्याच्या दृष्टीने आणि माणुसकीच्या दृष्टीनेही अनुचित आहे. यादी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि मदत करणारी व्यक्ती एवढ्यांपुरतीच राहावी.

इशाऱ्यानंतरचे काम

सलग तीन दिवस गैरहजेरी, किंवा महिन्यात तीनहून अधिक दिवस, एवढे दिसताच आठवड्याच्या आत कोणीतरी घरी गेले पाहिजे. घरी जाणाऱ्याने प्रथम विचारपूस करावी. जाब विचारू नये. गेल्या दशकात राज्यातील अनेक शिक्षकांनी 'बालरक्षक' म्हणून हेच काम स्वेच्छेने अंगावर घेतले आहे. कारण कळले की उपाय त्या कारणाशी जुळणारा हवा. सर्वांना एकच समुपदेशन देणे म्हणजे प्रत्येक तापावर एकच गोळी देण्यासारखे आहे.

अंतराची अडचण असेल, तर एस.टी.चा सवलतीचा पास आणि मुलींसाठी बारावीपर्यंतची मोफत प्रवासाची सोय आहे. बहुधा अडते ते पासावर नव्हे, तर गाडीच्या वेळेवर. शाळा सुटल्यावर तासभर गाडी नसेल आणि वाटेत अंधार पडत असेल, तर आईवडील मुलीला घरी बसवितात. आगारप्रमुखास भेटून एक फेरी अर्धा तास पुढे-मागे करणे, हा गळतीवरचा खरा उपाय ठरू शकतो.

स्थलांतराचे कारण असेल, तर दिवाळीच्या आधीच हालचाल व्हावी. कुटुंब कोठे जाणार हे विचारून मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे तेथील शाळेत त्याला अडवणूक होणार नाही. ज्यांना मागे राहणे शक्य आहे, त्यांच्यासाठी आश्रमशाळा व वसतिगृहातील प्रवेशाबाबत पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संपर्क साधावा. हे काम नोव्हेंबरात सुरू केले तर उशीर झालेला असतो. ते सप्टेंबरात व्हावे.

पैशाची अडचण असेल, तर आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची आठवण ठेवावी. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील निवडलेल्या विद्यार्थ्यांस नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. आठवीनंतरची गळती रोखणे हाच या योजनेचा हेतू आहे. वडील गमावलेल्या किंवा एकट्या पालकाच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे.

अभ्यासाची धास्ती हे कारण असेल, तर मुलाला पुन्हा नववीचे पुस्तक देऊन उपयोग नाही. त्याचे गणित अपूर्णांकांपाशी अडले आहे की त्याआधी भागाकारापाशी, हे पाहून तेथून सुरुवात करावी. कोळीवाड्यातील मुलाला भरतीची वेळ, डिझेलचा हिशेब आणि मासळीचा भाव तोंडी येतो. शिकविण्याची सुरुवात तेथूनही करता येते.

मुलीच्या लग्नाची कुजबूज कानी आली, तर वाट पाहू नये. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांवर आहे, आणि १०९८ या क्रमांकावर बालकांसाठी साह्य मिळते. ज्यांनी शाळा सोडलीच आहे, त्यांच्यासाठीही दार पूर्ण बंद होत नाही. १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीस बसता येते, मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे, आणि दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांना पुरवणी परीक्षेची संधी मिळते. फार तर ही वाट लांबची आहे, एवढेच मुलाला सांगावे.

पंचायतीचा वाटा

शाळेच्या नोंदीत नसलेली माहिती गावात असते, आणि गावाची माहिती एकत्र येण्याची जागा पंचायत होय. कोणत्या कुटुंबाने उचल घेतली, कोणाची नौका बंद पडली, कोणत्या घरी आजारपण आहे, हे सदस्यांना शिक्षकांच्या आधी कळते. वर्षातून तीन वेळा तरी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पंचायत सदस्य यांनी एकत्र बसावे. जुलैत, आठवीतून नववीत कोण पोहोचले नाही हे पाहण्यासाठी. सप्टेंबरात, दिवाळीनंतर कोण बाहेरगावी जाणार हे जाणण्यासाठी. आणि जानेवारीत, दुसऱ्या सत्रात कोण परतले नाही हे तपासण्यासाठी. नावांची चर्चा बंद खोलीत व्हावी. गाडी, रस्ता, दिवा, वसतिगृह यांची चर्चा ग्रामसभेत व्हावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक टप्प्यापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते राजधानीतील पडद्यावर पुरे होणार नाही. पडद्यावर आकडा लाल होईल. तो पाहून कोळीवाड्यातील, आगरातील किंवा कातकरवाडीतील एका घराची पायरी कोणी चढले की नाही, यावर ते ठरेल. बंदरावरचा बावटा पाहून नाखवा होडी वळवितो. हजेरीपटावरचा बावटा पाहून वळावयाचे ते शिक्षकाने, अधिकाऱ्याने आणि पंचायतीने.